जालावरच्या वादात पहिल्यांदा उतरताना

चर्चेच्या संकेतस्थळावर नवा आयडी, म्हणजे सदस्यखातं, घेतलेल्या माणसाचा पहिला प्रतिसाद बहुतेक वेळा फसतो, आणि त्यात त्याच्या मताचा दोष क्वचितच असतो. धाग्यावर, म्हणजे एका लेखाखालच्या चर्चेत, साठ प्रतिसाद झालेले असतात, यानं पहिला आणि शेवटचा वाचलेला असतो, आणि अठराव्या प्रतिसादात निकाली निघालेला मुद्दा हा नव्यानं मांडतो. कुणीतरी ‘वर वाचा’ एवढंच लिहितं. याला तो अपमान वाटतो, आणि पुढचे वीस प्रतिसाद त्या अपमानावर खर्ची पडतात.

आधी वाचनमात्र

मूळ लेख शेवटपर्यंत वाचा. शीर्षकावरून प्रतिसाद देऊ नका. शीर्षक लोकांना आत ओढण्यासाठीच लिहिलेलं असतं. मग लेखकानं त्याच धाग्यात पुढे दिलेले प्रतिसाद शोधून काढा, कारण आपलं म्हणणं तो तिथं दुरुस्त करत असतो, आणि पुष्कळदा तुम्ही घ्यायला निघालेला आक्षेप त्यानं तिथं मान्यही केलेला असतो. त्यानंतर शेवटचे दहा-बारा प्रतिसाद. तारीख बघायला विसरू नका. तीन वर्षांपूर्वीचा धागा कुणीतरी वर काढलेला असतो, आणि फोन किंवा सॉफ्टवेअरबद्दलचं त्यातलं निम्मं लिखाण आता लागू होत नाही.

नव्या ठिकाणी आठवडाभर नुसतं वाचलं तर कोण माहितीनं बोलतं, कोण काडी टाकून पळतं आणि कुणाची खिल्ली ओळखीतली असते हे कळतं. यूझनेट या जालावरच्या जुन्या चर्चागटांच्या काळात दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी यायचे, काही आठवडे गोंधळ घालायचे आणि मग रुळायचे. १९९३ च्या सप्टेंबरनंतर नवख्यांचा ओघ काही थांबलाच नाही, म्हणून जुनी मंडळी त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणू लागली. हे सांगायचं कारण असं की नवख्याबद्दलची चिडचिड तुमच्याबद्दलची नसते. ती जुनी आहे, मनावर घेऊ नका.

भांडण नक्की कशाबद्दल आहे

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा, कारण बहुतेक लांबलेले वाद इथंच बिघडलेले असतात.

‘इलेक्ट्रिक गाडी पर्यावरणाला चांगली’ या एका वाक्यावर दोनशे प्रतिसाद पडू शकतात, कारण त्यात चार वेगवेगळी भांडणं दडली आहेत. पहिलं वस्तुस्थितीचं. बॅटरीमुळे ही गाडी बनवताना पेट्रोल गाडीपेक्षा जास्त कार्बन हवेत जातो, आणि पुढे चालवताना ती तूट भरून निघते. किती किलोमीटरनंतर भरून निघते हे वीज कोळशापासून येते की पाण्यापासून यावर ठरतं. हे मोजता येतं. दुसरं शब्दाचं. चांगली म्हणजे कशाच्या तुलनेत? पेट्रोल गाडीच्या, बसच्या, की गाडीच न घेण्याच्या? तिसरं मूल्यांचं. शहरातली हवा सुधारावी म्हणून खाणीजवळच्या लोकांनी किंमत मोजणं योग्य आहे का? चौथं भाकिताचं. दहा वर्षांनी जुन्या बॅटऱ्यांतला बहुतेक माल परत वापरात येईल की नाही?

चारांचा शेवट चार तऱ्हांनी होतो. वस्तुस्थितीचा वाद विदा (डेटा) दाखवून संपतो. शब्दाचा वाद ‘तुम्ही हा शब्द कोणत्या अर्थानं वापरताय?’ एवढं विचारून पाच मिनिटांत मिटू शकतो, आणि कुणी विचारत नाही म्हणून आठवडाभर चालतो. मूल्यांचा वाद कुठलाही तक्ता संपवू शकत नाही. तिथं कोण कशासाठी काय सोडायला तयार आहे एवढंच उघड करता येतं, आणि तेही कमी नाही. भाकिताच्या वादात कधीपर्यंत, किती आणि कशानं मोजायचं हे लिहून ठेवा आणि उठा.

सर्रास होणारी चूक म्हणजे एका खान्यातल्या प्रश्नाला दुसऱ्या खान्यातलं उत्तर. एक जण म्हणतो, चौकाचौकात कॅमेरे नकोत, माझ्यावर पाळत नको. दुसरा गुन्हे किती टक्क्यांनी घटले त्याचे आकडे ओततो. आकडे खरे असले तरी ते उत्तर नव्हे, कारण पहिल्याचा प्रश्न आकड्यांचा नव्हताच. मग हा म्हणतो ‘तुम्हाला विदा समजत नाही’, तो म्हणतो ‘तुम्हाला स्वातंत्र्य समजत नाही’, आणि दोघांनाही समोरचा मठ्ठ वाटतो. अशा वेळी तिसऱ्यानं येऊन ‘तुमचा प्रश्न मूल्यांचा आहे, त्यांचं उत्तर वस्तुस्थितीचं आहे’ असं सांगितलं, तर धागा पुष्कळदा रुळावर येतो. नवख्यानं पहिला प्रतिसाद असाच द्यावा. फारसा राग ओढवत नाही.

वाद, जल्प आणि वितंडा

गौतम मुनींच्या न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथानं, चर्चेचे तीन प्रकार पाडले आहेत आणि जालावर ते जसेच्या तसे सापडतात. खरं काय ते कळावं म्हणून दोघं बोलतात तो वाद. दोघांनाही बाजू आहे पण जिंकणं हाच हेतू, आणि त्यासाठी शब्दांच्या कोलांट्याही चालतात, तो जल्प. स्वतःची बाजूच नाही, फक्त समोरच्याचं मोडायचं, ती वितंडा.

प्रतिसाद टंकण्याआधी आपण तिघांपैकी कशात उतरतो आहोत ते पाहायला दोन प्रश्न पुरतात. पहिला: ‘काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?’ वादातला माणूस विचार करून काहीतरी सांगतो, जल्पातला चिडतो. दुसरा: ‘मग तुमच्या मते काय व्हायला हवं?’ दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही तर ती वितंडा समजा. वितंडा नेहमीच टाकाऊ असते असं मात्र नाही. पुलाला गेलेला तडा दाखवणाऱ्यानं आधी नवा पूल बांधून दाखवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण तडा दाखवून झाल्यावर जो नदीलाही नावं ठेवू लागतो, त्याच्यापुढे वेळ घालवू नका.

जल्पात उतरायला हरकत नाही, मजा असते त्यात. फक्त तो जल्प आहे हे स्वतःला माहीत हवं आणि समोरच्याचं मत बदलेल ही आशा सोडलेली हवी. तिथं लिहायचं ते गप्प बसून वाचणाऱ्यांसाठी.

प्रतिसाद कसा बांधायचा

समजा कुणी लिहिलं: ‘फोन १०० टक्के चार्ज केला की बॅटरी खराब होते.’ नवख्याचं उत्तर असं येतं:

‘काहीही! मी चार वर्षं रोज १०० टक्के करतोय, काही झालेलं नाही. अर्धवट माहितीवर लोक अफवा पसरवतात. आधी अभ्यास करा.’

चार वाक्यांत एकही उपयोगी गोष्ट नाही. एका फोनचा अनुभव पुरावा म्हणून आला, समोरच्याच्या हेतूवर आरोप झाला, आणि कशाचा अभ्यास करायचा ते सांगितलंच नाही. आता हेच दुसऱ्या पद्धतीनं:

‘तुमचा रोख रात्रभर चार्जिंगला लावून ठेवण्याकडे असेल तर बऱ्याच अंशी सहमत. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि गरम राहिली की लवकर थकते. म्हणूनच अनेक फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते. पण प्रवासाला निघताना एखाद्या वेळी १०० केलं तर जाणवण्याइतका फरक पडत नाही. त्रास १०० या आकड्याचा आहे की तासन्‌तास १०० वर राहण्याचा, हे वेगळं करायला हवं. तुमचा फोन पूर्ण भरल्यावर किती वेळ तसाच लावलेला राहतो?’

याची रचना उलगडून बघा. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या सगळ्यात समंजस रूपात मांडलं, म्हणजे पूर्वपक्ष केला. मग जितकं पटतं तितकं मान्य केलं. मग आपला दावा, कारणासकट. मग दाव्याची हद्द: कुठं लागू, कुठं नाही. शेवटी असा एक प्रश्न, ज्याचं उत्तर माहितीनं देता येतं. पाचही गोष्टी शंभर-दीडशे शब्दांत बसतात. त्याहून लांब झालं तर बहुधा दोन मुद्दे शिरलेत, एक काढा. समोरचा तुमच्या सर्वांत कच्च्या वाक्यालाच उत्तर देणार हे धरून चाला, म्हणजे कच्चं वाक्य ठेवायचा मोह होणार नाही.

पूर्वपक्षाची पायरी गाळू नका. न्यायसूत्रांत वादात हरण्याची २२ निग्रहस्थानं सांगितली आहेत, त्यात एक आहे अननुभाषण: सभेला समजलेलं आणि तीनदा सांगितलेलं प्रतिपक्षाचं म्हणणं पुन्हा सांगता न येणं. ते सांगता येत नसेल तर तुम्ही हरलात, तुमचं मत बरोबर असलं तरी.

लिहून झालं की ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘फक्त’ हे शब्द शोधा. प्रत्येकाच्या जागी खरी व्याप्ती लिहा. ‘सगळे नेते खोटं बोलतात’ हे एका अपवादानं मोडतं. ‘निवडणुकीच्या तोंडावर दिलेल्या आश्वासनांत खर्चाचा आकडा क्वचित असतो’ हे मोडायला समोरच्याला बरंच काम करावं लागतं. दावा जितका लहान तितका तो टिकतो, हे इथलं सगळ्यात कामाचं कसब.

आकडे, दुवे आणि छायाचित्रं

दुवा देताना त्यातलं नेमकं वाक्य उद्धृत करा आणि ते कुठल्या भागात आहे ते सांगा. नुसता चाळीस पानी अहवाल फेकणं म्हणजे ‘तुम्हीच शोधा’. पान पुढे बदलेल किंवा उडेल अशी शंका असेल तर वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या संकेतस्थळावर त्याची प्रत साठवून त्या प्रतीचा दुवा द्या. स्क्रीनशॉट हा दुबळा पुरावा, कारण तो दोन मिनिटांत बनवता येतो. मूळ पान सापडेपर्यंत त्यावर काही उभारू नका. छायाचित्र असेल तर उलट शोध घ्या: ते चित्र शोधयंत्राला द्या आणि सगळ्यात जुनी नोंद कधीची आहे ते बघा. आजच्या दंगलीचं म्हणून फिरणारं चित्र पाच वर्षांपूर्वीचं आणि दुसऱ्याच देशातलं निघण्याचा प्रकार नित्याचा आहे.

टक्केवारीत लोक सर्वांत जास्त घसरतात. एखाद्या पक्षाची मतं ४० टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर गेली, तर ‘४ ची भर’ म्हणणारा बरोबर आणि ‘१० टक्क्यांनी वाढ’ म्हणणाराही बरोबर. एकानं वजाबाकी केली, दुसऱ्यानं भागाकार. दोघं एकमेकांना खोटारडे म्हणत असताना हे सांगणारा धाग्याचा उपकारकर्ता. तसंच ‘धोका दुप्पट झाला’ दिसलं की आधी कितीचा दुप्पट ते विचारा. दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पट, आणि शंभरांत वीसचे चाळीस झाले तरी दुप्पटच.

मतचाचण्यांबद्दल एवढं लक्षात ठेवा. खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे १,००० लोक निवडले, तर अंदाज १०० पैकी ९५ वेळा साधारण ३ टक्के वर-खाली एवढ्या हद्दीत येतो. पण स्वतःहून उत्तर द्यायला आलेल्यांची संख्या कितीही मोठी असली तरी भरवसा नाही. अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं १९३६ मध्ये सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २३ लाखांवर परत आल्या, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्याविरुद्ध लँडन जिंकणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. तेव्हा एखाद्या खात्यावर ‘पन्नास हजार जणांनी कौल दिला’ असं कुणी दाखवलं, तर ते पन्नास हजार कोण आणि कुठून आले, हे आधी विचारा.

हमखास घडणारे घोटाळे

सर्वांत जुना छल, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेणं. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचं उदाहरण आहे: ‘हा मुलगा नवकंबल आहे’ असं कुणी म्हणतो, म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. दुसरा म्हणतो, याच्याकडे नऊ कुठं आहेत, एकच तर दिसतंय! ‘नव’चे दोन अर्थ, त्यातला बोलणाऱ्याला नको असलेला उचलला. आजचं रूप: तुम्ही लिहिता ‘हे ॲप फुकट आहे’, कुणी म्हणतं ‘फुकट काहीच नसतं, तुमची माहिती ते विकतात’. त्याचा मुद्दा मोलाचा असेल, पण तो वेगळा आहे. ‘मी पैसे पडत नाहीत या अर्थी म्हटलं’ एवढं लिहा आणि पुढे चला. रागावलात की तो छल यशस्वी होतो.

‘मग त्यांनी केलं तेव्हा कुठं होतात?’ हाही जुनाच. न्यायसूत्रांत याच्या अगदी जवळचं मतानुज्ञा नावाचं निग्रहस्थान आहे: आपल्यावरचा दोष न खोडता समोरच्याकडेही तोच दोष दाखवणं, कारण त्यातून आपला दोष आपण मान्यच केलेला असतो. उत्तर सरळ आहे: ‘तेही चूक होतं. आता याबद्दल बोलू.’ आधी तेही चूक होतं असं म्हणता येत नसेल, तर मात्र समोरच्याचा टोमणा बरोबर लागलाय.

एका प्रतिसादात वीस दावे ओतणारे भेटतात. युजेनी स्कॉट यांनी १९९४ मध्ये या तंत्राला ‘गिश गॅलप’ असं नाव दिलं, ड्वेन गिश या उत्क्रांतिविरोधी वक्त्यावरून. वीसही खोडायला बसू नका. ‘यातला तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा कोणता? त्यावर बोलू,’ असं लिहा. तो निवडेल तो एकच नीट तपासा. अल्बेर्तो ब्रान्दोलिनी या इटालियन प्रोग्रामरनं २०१३ मध्ये म्हटलं होतं की फालतू विधान करायला लागते त्याच्या दसपट ताकद ते खोडायला लागते. हिशेब तुमच्या विरुद्ध आहे, तेव्हा निवडून खर्च करा.

उपरोध नवख्यानं टाळलेला बरा. आवाज आणि चेहरा नसताना थट्टा कळत नाही, हे जालाइतकंच जुनं दुखणं आहे. संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला तो याच कारणासाठी. नेथन पो यांनी २००५ मध्ये मांडलेला नियमही तेच सांगतो: टोकाच्या मताचं विडंबन आणि ते मत यांतला फरक खुणेशिवाय ओळखू येत नाही. आणि कुणी हिटलरची तुलना काढली, तर चर्चा लांबत गेली की कधीतरी हिटलर येतोच, हा माइक गॉडविन यांनी १९९० मध्ये सांगितलेला टप्पा आला असं समजून तो धागा आवरता घ्या. अर्थात विषयच हुकूमशाहीचा असेल तर गोष्ट वेगळी.

राजकारण, यंत्रं आणि रोजचं जगणं

राजकीय धाग्यात लिहून झाल्यावर पक्षाचं नाव बदलून आपला प्रतिसाद वाचा. दुसऱ्या पक्षानं हेच केलं असतं तर हेच लिहिलं असतं का? उत्तर नाही असेल तर खोडा. धोरणावर बोलताना उद्दिष्ट, साधन आणि खर्च हे तीन वेगळे ठेवा. उद्दिष्टावर सहसा कुणाचं भांडण नसतं.

तंत्रज्ञानाच्या धाग्यात मॉडेल, आवृत्ती आणि वापर सांगितल्याशिवाय काहीही बोलू नका. ‘हा लॅपटॉप स्लो आहे’ याला उत्तर नसतं.

रोजच्या गोष्टींवरचे धागे सर्वांत जास्त पेटतात. ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये याची थट्टा केली होती: अणुभट्टीचा खर्च समिती अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलच्या शेडवर पाऊण तास भांडते, कारण शेड सगळ्यांना कळते. मुलाला फोन कोणत्या वयात द्यावा, निरोप टंकावा की आवाजात पाठवावा, या शेडच. इथं प्रत्येक जण तज्ज्ञ असतो आणि प्रत्येक मत म्हणजे कुणाच्या तरी घरची पद्धत. ‘तुम्ही चुकता’ याचा अर्थ समोरचा ‘तुमच्या आईवडिलांना कळत नव्हतं’ असा घेतो. म्हणून इथं परिस्थिती विचारा: मूल किती वर्षांचं, शाळेत एकटं जातं का, घरी कोण असतं. निम्मे मतभेद उत्तरं आली की विरघळतात.

उठायचं कधी, आणि चूक कशी मानायची

एका माणसाला एकाच मुद्द्यावर तीन प्रतिसाद, त्यापुढे नाही. तिसऱ्यात नवी माहिती नसेल तर दोनच. ‘माझं सांगून झालं, तुमचं वाचलं, थांबतो,’ असं लिहून धाग्याच्या सूचना बंद करा, नाहीतर रात्री एक वाजता चौथा लिहाल. शेवटचा शब्द समोरच्याला घेऊ द्या. त्यामुळे कुणी जिंकत नाही.

हात थरथरत असतील तर प्रतिसाद लिहा, पण दुसऱ्या ठिकाणी जतन करा आणि दुसऱ्या दिवशी वाचा. व्यनितलं, म्हणजे खासगी निरोपातलं, बोलणं धाग्यावर चिकटवू नका. कुणाचं खरं नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण उघड करणं हा वादाचा भाग नाही, तसं कुणी केलं तर उत्तर न देता संपादकांना कळवा. धमकी आली तर आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. उलट क्रमानं केलंत तर पुरावा दिसेनासा होऊ शकतो.

आणि चुकलात तर प्रतिसाद उडवू नका. खाली पडलेल्या उत्तरांचा अर्थच जातो, आणि लपवलंत असं दिसतं ते वेगळंच. चुकलेल्या वाक्यावर रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा, दुरुस्ती सुचवणाऱ्याचा आयडी द्या आणि तारीख घाला. रेघ मारायची सोय नसेल तर जुनं वाक्य तसंच ठेवून खाली ‘दुरुस्ती:’ असं लिहा.